ग्राइंडर सांगेल ती तारीख: छोट्या मशीन शॉपची क्षमता कशी मोजायची आणि कामं कशी लावायची

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) कुठल्याही मशीन शॉपमध्ये जाऊन शेठना विचारा, "महिन्याला किती माल निघतो?" उत्तर तयार असतं: "दोन हजार नग." मग विचारा, मागच्या महिन्यात किती निघाला? "मागच्या महिन्यात जरा गडबड होती." त्याच्या आधी? "तेव्हा ग्राइंडर बंद पडला होता." (ग्राइंडर म्हणजे फिरत्या चाकाने घासून नग अचूक मापात आणणारं मशीन.) हा दोन हजारांचा आकडा आला कुठून, ते कोणालाच सांगता येत नाही. पार्टीला (ग्राहकाला) तारखा मात्र त्याच आकड्यावरून दिल्या जातात.

मीही दिल्या आहेत. नवीन नोकरीत असताना एका पार्टीला चारशे शाफ्ट (मशीनमधले फिरणारे दांडे) २० जानेवारीला देतो म्हणून फोनवर सांगून मोकळा झालो. नग भागिले दिवस, एवढाच हिशोब. १४ आणि १५ जानेवारीला, म्हणजे उत्तरायण आणि वासी उत्तरायणाला, बडोद्यात पतंगाच्या दोऱ्याशिवाय काही हलत नाही, हे मी इथेच वाढलेलो असून विसरलो. हीट ट्रीटमेंटवाल्याने (भट्टीत तापवून धातू कडक करून देणाऱ्याने) १६ तारखेलाही भट्टी पेटवली नाही. ग्राइंडरवर आधीचीच कामं साचलेली होती. माल गेला २ फेब्रुवारीला, आणि शेवटचे दोन दिवस पार्टीचा माणूस आमच्या ऑफिसात खुर्ची टाकून बसला होता. त्यानंतर मी वही घातली. पुढे लिहिलंय ते त्या वहीतून आलेलं आहे.

उदाहरणासाठी एक शॉप धरू. पंपाचे शाफ्ट बनतात, तीन प्रकारचे: लहान, मधला, मोठा. दोन सीएनसी लेथ (संगणकावर चालणारी, सळी फिरवून तासणारी मशीनं), चाव्या (शाफ्टला जोडभागाशी पकडून ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्या) बसवायच्या खाचा पाडायला एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं उभं कापणारं मशीन), गोल नग घासायला एक सिलिंड्रिकल ग्राइंडर. हीट ट्रीटमेंट बाहेर. सळी कापायची, टर्निंग (लेथवर तासणं), खाच, हीट ट्रीटमेंट, ग्राइंडिंग, तपासणी, डिस्पॅच, असा क्रम. आकडे तुमचे वेगळे निघतील, पण रीत हीच.

आधी मशीनचे खरे तास काढा

शिफ्ट कागदावर साडेआठ तासांची. जेवणाचा अर्धा तास गेला की उरतात ४८० मिनिटं. दोन चहाची वीस आणि सुरुवातीची-शेवटची साफसफाई वीस मिनिटं गेली की ४४०. इथपर्यंतचा हिशोब सगळे करतात. त्याच्या पुढचं मोजायला दोन आठवडे लागतात.

प्रत्येक मशीनला दोरीने एक वही बांधा. मशीन पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबलं की ऑपरेटरने किती वाजता थांबलं, किती वाजता चाललं आणि कशामुळे, एवढंच लिहायचं. कारणांची छापील यादी देऊ नका, त्याच्या शब्दांत लिहू द्या, गुजरातीत लिहिलं तरी चालेल. छापील यादी दिली की सगळे 'इतर'वर खूण करतात.

आणि त्यातला एक दिवस स्वतः उभे राहा, निदान ग्राइंडरपाशी तरी. मी राहिलो होतो. आमचे ग्राइंडरवाले काका साठीच्या जवळचे, दांडिया बाजारात राहणारे. माझ्या हातातलं घड्याळ बघून म्हणाले, "साहेब, हे माझ्यावर लावलंय की मशीनवर?" मशीनवर म्हटलं, तर म्हणाले, "मग बसा, बघा." सकाळी चाक ड्रेस केलं (घासून साफ आणि धारदार केलं), अठरा मिनिटं. पहिला नग मापात आणायला बावीस. साडेदहाला मायक्रोमीटर तपासणीवाला घेऊन गेला, तो परत यायला चौदा. मग आठ नग सलग निघाले, नववा वाकडा, हीट ट्रीटमेंटमध्ये वाकलेला. तो सेंटरमध्ये लावून, फिरवून, काढून बाजूला ठेवायला सहा मिनिटं गेली. दुपारी लाइट गेली. चारला पुढचा लॉट (एकत्र फिरणाऱ्या नगांचा गठ्ठा) यायचा होता, तो टेम्पोत होता. ४४० मिनिटांपैकी चाक धातूला लागलं २५१ मिनिटं. काका दिवसभर रिकामे बसलेले मी पाहिले नाहीत.

अशा नोंदींतून प्रत्येक मशीनचा टक्का निघतो. सेटिंग (नव्या कामासाठी मशीन मांडून मापात आणणं) वेगळं मोजायचं म्हणून ते यात धरायचं नाही. फक्त बिघाड, वाट बघणं, माणूस नसणं, लाइट. आमच्याकडे सरासरी ८५ टक्के आलं. म्हणजे शिफ्टला ३७४ मिनिटं. दोन शिफ्ट, २६ दिवस धरले की एका मशीनची महिन्याची १९,४४८ मिनिटं. दोन सीएनसींची ३८,८९६. पाटीवरचे ४८० धरले असते तर एका मशीनला महिन्याला साडेपाच हजार मिनिटं हवेतली मोजली गेली असती.

२६ दिवस खरंच २६ असतात का

बडोद्याचं कॅलेंडर वेगळं मांडावं लागतं. नवरात्रीच्या नऊ रात्री दुसरी शिफ्ट अर्धीमुर्धी धरा. पोरं येतील, पण नऊ वाजल्यापासून त्यांचं लक्ष घड्याळाकडे असतं, आणि गरब्याहून पहाटे परतलेला माणूस सकाळच्या शिफ्टला सेटिंग करताना मापं चुकवतो. दिवाळीला बरेच कारखाने लाभपंचमीपर्यंत उघडत नाहीत. होळीला दाहोद, पंचमहाल, छोटा उदेपूरकडचे कामगार गावी जातात आणि आठवडा, कधी दोन आठवडे येत नाहीत. त्यांच्याकडे होळीच दिवाळीपेक्षा मोठी. तुम्ही रागावून उपयोग नाही, फेब्रुवारीतच मार्चचे दिवस कमी मांडा. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की पेरणीला परत तीच गत.

पावसाळ्यात विश्वामित्रीला पूर येतो ते वेगळं. ऑगस्ट २०२४ मध्ये शहर पाण्यात होतं तेव्हा मशीनं कोरडी असलेल्यांचीही माणसं घरात अडकली होती. हे कुठल्या महिन्याच्या खात्यात टाकणार? मी जुलै-ऑगस्टमधून मिळून दोन दिवस उचलून ठेवतो. नाही लागले तर बरंच.

या कॅलेंडरवर तुमच्याच सुट्ट्या लिहून भागत नाही. सळी देणाऱ्याच्या, हीट ट्रीटमेंटवाल्याच्या, टेम्पोवाल्याच्या सुट्ट्याही लिहा. माझे ते चारशे शाफ्ट त्या १६ तारखेनेही अडवले होते.

आता भार मांडा

महिन्याची मागणी: लहान ८००, मधले ५००, मोठे २०० शाफ्ट. नगाला लागणारी मिनिटं याच क्रमाने घ्या. टर्निंग १२, २० आणि ३५. खाच ४, ६ आणि १०. ग्राइंडिंग ७, १२ आणि २२. ही मिनिटं कोटेशनमधून उचलू नका. कोटेशनमधली वेळ ऑर्डर मिळवण्यासाठी लिहिलेली असते. दहा नगांची वेळ घेऊन सरासरी काढा.

टर्निंगचा गुणाकार येतो २६,६०० मिनिटं. तीन टक्के रिजेक्शन धरलं (म्हणजे ०.९७ ने भागलं) की २७,४२३. महिन्यात बारा लॉट, प्रत्येकाची दोन बाजूंची दोन सेटिंग, एकेक सव्वा तासाचं, म्हणजे १,८०० मिनिटं. एकूण २९,२२३. उपलब्ध ३८,८९६. भार ७५ टक्के.

व्हीएमसीवर ८,२०० चे रिजेक्शन धरून ८,४५४, बारा सेटिंगची ७२०. भार ४७ टक्के. ते मशीन अर्धा वेळ उभंच असतं, आणि शेठच्या केबिनमधून नेमकं तेच दिसतं. "हे का बंद आहे?" हा प्रश्न रोज ऐकावा लागेल, सवय करून घ्या.

ग्राइंडरवर १६,००० चे १६,४९५, आणि बारा सेटिंग अडीच-अडीच तासांची, १,८०० मिनिटं. एकूण १८,२९५, उपलब्ध १९,४४८. भार ९४ टक्के.

शेठ म्हणतील, ९४ म्हणजे बसतंय की! कागदावर बसतं. पण कामं आगगाडीच्या डब्यांसारखी एकामागोमाग येत नाहीत, कधी तीन एकदम येतात, कधी दोन दिवस काहीच नाही. रांगेच्या गणितातलं सगळ्यात साधं सूत्र असं: भाराला, शंभरातून उरलेल्या मोकळ्या टक्क्यांनी भागा, एका कामाला जेवढा वेळ लागतो त्याच्या तितके पट वाट बघावी लागते. ७५ टक्के भाराला ३ पट. ९० ला ९ पट. ९४ ला जवळजवळ १६ पट. तुमचं शॉप त्या सूत्राइतकं अनियमित नसेल, त्यामुळे आकडे जरा कमी येतील, पण चढण अशीच असते. म्हणून कुठल्याही मशीनला ८५ च्या वर भरायचं नाही असा माझा नियम आहे.

म्हणजे या शॉपची क्षमता ही या एका ग्राइंडरची क्षमता. तिसरी सीएनसी घेतलीत तर ग्राइंडरसमोरचा ढीग वाढेल, डिस्पॅच एका नगाने वाढणार नाही. मी हे होताना दोन ठिकाणी पाहिलंय. कर्ज काढून आणलेली लेथ, हार घालून, नारळ फोडून.

नवीन मशीन घेण्याआधी ग्राइंडरमधून वेळ काढा

सगळ्यात स्वस्त उपाय जेवणाच्या सुट्टीचा. काका जेवायला आणि चहाला जातात तेव्हा मशीन थांबतं, शिफ्टला ५० मिनिटं. काका जेवणारच, पण त्यांच्या जागी उभा राहील असा एक पोरगा तयार करा. महिन्याच्या ५२ शिफ्टना २,६०० मिनिटं, ८५ टक्क्यांनी २,२१०. म्हणजे ३७ तास. उपलब्ध वेळ २१,६५८ होते आणि भार ९४ वरून साडेचौऱ्याऐंशीला उतरतो. खर्च एका मदतनिसाचा पगार. हे सुचवलं की "त्याला ग्राइंडिंग कुठे येतं?" असं ऐकू येतं. सेटिंग येत नाही, बरोबर. लागलेल्या सेटिंगवर नग लावणं-काढणं आणि माप घेणं महिन्याभरात येतं.

दुसरा उपाय वाकड्या शाफ्टचा. हीट ट्रीटमेंटहून आलेला प्रत्येक नग ग्राइंडरवर चढण्याआधी व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर) ठेवून, डायल (वाकडेपणा दाखवणारं काट्याचं माप) लावून फिरवून बघा, वाकलेला असेल तर प्रेसवर सरळ करा किंवा बाजूला काढा. खराब नगावर खर्च झालेलं ग्राइंडरचं मिनिट कुठूनच भरून येत नाही. लेथवरचं मिनिट येतं, तिथे मोकळीक आहे.

त्याच मोकळिकीचा आणखी एक उपयोग. टर्निंगवाले ग्राइंडिंगसाठी व्यासावर अर्धा मिलिमीटर धातू ठेवतात, कारण जास्त ठेवला की त्यांना कोणी बोलत नाही. लेथवर शेवटचा कट हळू घेऊन ०.३ वर आणा. टर्निंगला मिनिटभर जास्त लागेल, ग्राइंडिंगचे बरेच फेरे वाचतील. पण आधी महिनाभर हीट ट्रीटमेंटनंतरचं वाकणं मोजा. लांब बारीक शाफ्ट ०.२ वाकत असेल तर ०.३ मध्ये चाक एका बाजूला काळं सोडून देईल, आणि मग तो नग भंगारात.

सेटिंगचंही बघा. बारा लॉटांऐवजी आठ केले तर चार सेटिंग, म्हणजे दहा तास वाचतात. पण मोठा लॉट म्हणजे बाकीच्यांना जास्त वाट. मी ग्राइंडरवर लॉट मोठे ठेवतो आणि लेथ-व्हीएमसीवर लहान; उभ्या राहणाऱ्या मशीनवर दोन सेटिंग जास्त झाल्याने कोणाचं काय बिघडतं?

हे सगळं करूनही कमी पडलं तर ओव्हरटाइम, आणि तोही फक्त ग्राइंडरला. कायद्याने दुप्पट दर द्यावा लागतो, म्हणून सगळं शॉप रविवारी उघडण्यात अर्थ नाही. बाहेर जॉबवर्कला ग्राइंडिंग द्यायचं तर "आपल्याला चाळीस रुपयांत पडतं, तो साठ मागतो" अशी तुलना करू नका. तो नग बाहेर करून घेतला नाही तर विकलाच जाणार नाही, मग त्या अख्ख्या शाफ्टवरचा नफा जातो. तुलना त्याच्याशी.

कामांचा क्रम

ग्राइंडरसमोर चार कामं आहेत. आली त्या क्रमाने: अ ला दोन दिवस लागतात, बाराव्या दिवशी हवंय. ब ला चार, दहाव्या दिवशी. क ला पाच, सहाव्या दिवशी. ड ला एक, आठव्या दिवशी.

आली तशी केली तर क पाच दिवस उशिरा जातं आणि ड चार दिवस. लहान आधी असा क्रम (ड, अ, ब, क) लावला तर काम सरासरी पावणेसहा दिवसांत बाहेर पडतं, म्हणजे सगळ्यात लवकर, पण क सहा दिवस लटकतं. तारखेप्रमाणे लावलं (क, ड, ब, अ) तर सरासरी सव्वाआठ दिवस, मात्र एकही काम उशिरा नाही.

हे योगायोगाने जमलेलं नाही. एका मशीनवर सगळ्यात वाईट उशीर कमीत कमी ठेवायचा तर तारखेचा क्रम, हे जॅक्सन या संशोधकाने १९५५ मध्ये सिद्ध केलं. सरासरी वेळ कमी हवा तर लहान काम आधी, हे स्मिथ या दुसऱ्या संशोधकाने १९५६ मध्ये. पार्ट्या तारखेवर पैसे देत असतील तर तारखेप्रमाणे लावा. मी त्यात एवढाच फेरफार करतो: दोन कामांच्या तारखांत दिवसाचाच फरक असेल आणि व्यास सारखा असेल तर शेजारी-शेजारी ठेवतो, एक सेटिंग वाचतं.

ओरडणाऱ्याचं काम आधी, हा तिसरा नियम सगळीकडे चालतो. त्यासाठी आठवड्यातली एक शिफ्ट मुद्दाम मोकळी सोडतो आणि फळ्यावर तिथे 'अर्जंट' लिहितो. ती भरली की पुढच्या ओरडणाऱ्याला पुढचा आठवडा. पुढच्या पाच दिवसांचा ग्राइंडरचा क्रम मोडायचा तर शेठनी स्वतः फळ्यापाशी येऊन पुसायचा, फोनवरून नाही. केबिनमधून फळ्यापर्यंत येईस्तोवर निम्मे अर्जंट थंड होतात.

तारखेपासून उलटे या

मधल्या शाफ्टचा १२५ नगांचा लॉट २४ तारखेला द्यायचाय. ग्राइंडिंग १,५०० अधिक १५० सेटिंग, १,६५० मिनिटं. दिवसाला ७४८ मिळतात, म्हणून तीन दिवस धरा. हीट ट्रीटमेंट चार, येण्याजाण्यासकट. खाच ८१० मिनिटं, दोन दिवस. टर्निंग एका लेथवर २,६५०, चार दिवस. तपासणी आणि अडीअडचणीला दोन. बेरीज पंधरा कामाचे दिवस, दोन रविवार मिळवून सतरा. म्हणजे ७ तारखेला सळी कापून तयार हवी, आणि सळीची ऑर्डर त्याच्याही आधी गेलेली हवी.

गंमत बघा, एका नगावर प्रत्यक्ष काम ३८ मिनिटांचं, लॉट फिरतो पंधरा दिवस. २५-२५ नग झाले की लेथवरून क्रेट व्हीएमसीकडे सरकवा, सगळे १२५ होण्याची वाट बघू नका. यात सहज दोन दिवस सुटतात.

सात तारखेच्या आधी मात्र सळी मजल्यावर, म्हणजे मशीनांपाशी, आणायची नाही, लेथ रिकामी असली तरी. हे पटवणं सगळ्यात अवघड. एलियाहू गोल्डरॅट या इस्रायली भौतिकशास्त्रज्ञाने अडणाऱ्या मशीनला ढोल म्हटलं होतं: त्याच्या ठेक्यावर बाकीच्यांनी चालायचं. गरबा पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ग्राइंडरसमोर दोन दिवसांचं तयार काम ठेवा, म्हणजे टेम्पो उशिरा आला तरी ग्राइंडर उपाशी राहणार नाही. दोन आठवड्यांचं नको.

जास्त झालंय का हे बघायला शनिवारी क्रेट मोजा. १९६१ मध्ये जॉन लिटलने सिद्ध केलेलं एक नातं इथे कामाला येतं: मजल्यावरचे नग भागिले रोज बाहेर जाणारे नग, म्हणजे नग आत किती दिवस राहतो. महिन्याला १,५०० शाफ्ट, दिवसाला सुमारे ५८. मजल्यावर १,०५० असतील तर नवीन काम बाहेर पडायला १८ दिवस लागणार, ऑपरेटर कितीही पळाले तरी. पार्टीला बारा दिवसांत हवंय? मग मजल्यावर सातशेच्या वर नकोत.

फळा आणि दहा मिनिटं

सॉफ्टवेअरवर मी फार लिहिणार नाही. एक्सेलमध्ये भाराचा तक्ता आणि भिंतीवर फळा एवढ्यात पन्नास माणसांचं शॉप चालतं. हेन्री गँटने शंभरेक वर्षांपूर्वी रुजवलेला पट्ट्यांचा तक्ता खडूनेही काढता येतो: आडव्या ओळीत मशीन, उभ्या घरात शिफ्ट. सकाळी सव्वाआठला सुपरवायझर, तपासणीवाला, स्टोअरवाला उभ्याउभ्या जमतात. काल ग्राइंडरवर काय ठरलं, काय झालं, आज काय अडणार. बसायला खुर्च्या ठेवल्या की दहाची चाळीस मिनिटं होतात.

पार्टीचा फोन आला की तारीख इथूनच द्यायची. ग्राइंडरच्या ओळीत पहिलं मोकळं घर कुठलं, त्यात दोन दिवस मिळवायचे, आणि ते घर फोन ठेवायच्या आत भरून टाकायचं.

दर महिन्याच्या शेवटी सगळे टक्के पुन्हा काढा, कारण अडणारी जागा हलते. आमच्याकडे जेवणाच्या सुट्टीतला पोरगा आला, वाकडे शाफ्ट आधीच बाजूला पडू लागले, आणि तिसऱ्या महिन्यात काका दुपारी तीनला मशीन पुसत बसलेले दिसले. समोर क्रेटच नव्हते. सगळा माल भट्टीवाल्याकडे पडून होता. तो आमचा लॉट मंगळवारी आणि शुक्रवारीच घ्यायचा. आता फळ्यावर ग्राइंडरच्या वर एक नवी ओळ आहे, भट्टीची, आणि टेम्पो बुधवारीही जातो.